पुन्हा समेवर

ख्यालाच्या बंदिशीत पुष्कळदा गोष्ट एवढीच असते: प्रियजन रुसून गेला आहे, आपल्याकडून काही उणे बोलले गेले आहे आणि तो परतला तर सारे नव्याने मांडावे, अशी आस आहे. दोन-चार ओळींचा हा मजकूर गवई अर्धा-पाऊण तास आळवतो. तरुणपणी मला या पुनरुक्तीचे नवल वाटे. आता वाटते, हळहळीची रीतच तशी आहे. ती फिरून त्याच शब्दापाशी येते.

गंगूबाई हनगल (१९१३–२००९) यांचा जन्म धारवाडचा आणि आयुष्य हुबळीचे. १९३०च्या दशकात ‘गांधारी’ या नावाने निघालेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका ज्यांनी ऐकल्या असतील, त्यांना तो कोवळा, बारीक, वरच्या स्वरांत सहज विहरणारा आवाज आठवेल. जी. एन. जोशी यांच्यासह गायिलेले मराठी भावगीतही त्यांत आहे. पुढे घशाच्या विकारावर उपचार झाले आणि तो आवाज गेला. त्याच्या जागी आला जड, जवळजवळ पुरुषी आवाज. गेलेल्या आवाजाची नक्कल त्यांनी केली नाही. सुगम गायन बाजूला ठेवून त्या केवळ ख्यालाच्या झाल्या. या दुसऱ्या आवाजानेच त्यांना किराणा घराण्यात अढळ स्थान दिले.

त्यांच्या गाण्यामागे आणखी एक मौन आहे. आई अंबाबाई कर्नाटक संगीताच्या गायिका. मुलीच्या हिंदुस्थानी गायकीत आपल्या पद्धतीची सरमिसळ होऊ नये, म्हणून त्यांनी स्वतःचे गाणे थांबवले. १९३२ साली त्या वारल्या, तेव्हा गंगूबाई एकोणीस वर्षांच्या होत्या. सवाई गंधर्वांच्या तालमीसाठी हुबळीहून कुंदगोळला आगगाडीने जाणारी मुलगी पुढे केवढी गायिका झाली, हे पाहायला आई राहिली नाही.

आपल्या जुन्या मराठी घरांतही एक हळहळ मुरलेली आहे. १९५६ साली धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तेव्हाच पुण्याकडे बिऱ्हाड हलवले असते तर? नातवंडांची मराठी सुटली नसती, असे वडीलधारे म्हणत. प्रश्न खोटा नाही; परंतु त्या वर्षात परतून नव्याने आरंभ करता येत नाही.

ख्यालात मुखडा प्रत्येक आवर्तनात समेवर येतो. शब्द तेच असतात; मधल्या आलापीने मात्र त्यांचे वजन पालटलेले असते. कानडी मातृभाषेच्या गंगूबाई ब्रजभाषेतील बंदिश गात आणि आपल्या घरांतील मराठी माणसे ती डोळे मिटून ऐकत. नातवंडांपाशी जी मराठी उरली आहे, कानडी हेल आणि कानडी शब्द मिसळलेली, तीच त्यांचा आजचा आवाज आहे. तिला हिणवून गप्प करण्यापेक्षा तीतच त्यांच्याशी बोलत राहावे, असे मला वाटते.