माझे सरकार

राज्यपालांच्या आठवणी, पत्रे, आत्मचरित्रे वाचण्याचा मला नाद आहे. शिक्षकखोलीत त्यावरून थट्टा होते. ‘सर, त्यांत असतं काय? फीत कापणं आणि दीप लावणं!’ थट्टा अगदीच निराधार नाही. सरोजिनी नायडू 1947 साली लखनौच्या राजभवनात गेल्या आणि स्वतःला पिंजऱ्यातला पक्षी म्हणवू लागल्या. पट्टाभि सीतारामय्या 1952 पासून मध्य प्रदेशचे राज्यपाल होते. राजधानी तेव्हा नागपूरला होती. राष्ट्रपतींना पंधरवड्याचा अहवाल धाडण्यापलीकडे नोंद करावी असे काम आपल्याला नव्हते, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. मुंबईचे राज्यपाल श्रीप्रकाश म्हणत, आपले काम दाखवलेल्या जागी सही करण्याचे. ही सारी तुरुंग भोगलेली, सभा गाजवलेली माणसे. बोलणे हाच ज्यांचा पिंड, त्यांना उतारवयात मौनाची नोकरी लागली. पगार दरमहा 5,500 रुपये.

या मंडळींत मला सर्वांत जवळचे वाटतात ते काकासाहेब गाडगीळ. आमच्या आजोबांना मात्र त्यांचे नाव काढलेले खपत नसे. राज्य पुनर्रचना आयोगाच्या अहवालावर लोकसभेत चर्चा झाली, तेव्हा मुंबईचा निर्णय मुंबईच्या रस्त्यावर होईल, असे काकासाहेबांनी ठणकावले होते. पुढे चिंतामणराव देशमुखांनी मंत्रिपद सोडले. काकासाहेबांनी काँग्रेस सोडली नाही. 1957 साली पुण्यात समितीच्या नानासाहेब गोऱ्यांनी त्यांचा पराभव केला आणि सप्टेंबर 1958 मध्ये ते पंजाबचे राज्यपाल झाले. ‘बोलले लई, खरं पक्ष सोडला न्हाई,’ एवढ्यात आजोबा त्यांचा निकाल लावीत. (पराभूत पुढाऱ्याला राजभवन देण्याची चाल तेव्हापासूनची. नुकताच राजकारणात फार रंगलेला माणूस राज्यपाल नको, असे सरकारिया आयोगाने 1988 साली सांगितले. ऐकले कोणी?)

मला आजोबांच्या रागापेक्षा पुढचे चार वर्षे महत्त्वाची वाटतात. मराठीचे राज्य मागणारा हा माणूस चंदिगडला जाऊन पोहोचला तो नेमका दुसऱ्या एका भाषेच्या भांडणात. पंजाबी सुभ्याची मागणी जोरात होती. राज्याचे हिंदी आणि पंजाबी असे दोन विभाग पाडून त्यांच्यासाठी प्रादेशिक समित्या नेमल्या होत्या आणि त्यांचा कारभार नीट चालावा ही खास जबाबदारी घटनेच्या तेव्हाच्या 371 व्या कलमाप्रमाणे राज्यपालावर येत होती. म्हणजे सहीपुरते हे पद नव्हते. पण सरकार होते प्रतापसिंग कैराँ यांचे, आणि सुभ्याला त्यांचा कडवा विरोध.

1 मे 1960 रोजी मुंबईच्या राजभवनात नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र राज्याचे उद्घाटन झाले. बेळगाव, कारवार, निपाणी त्यात नव्हते. त्याच महिन्यात पंजाबात मास्टर तारासिंगांना अटक झाली. डिसेंबरात संत फतेहसिंग उपोषणाला बसले, बावीस दिवस. 1961 च्या 15 ऑगस्टला मास्टरजी बसले ते अठ्ठेचाळीस दिवस. हजारोंनी तुरुंग भरले. आमच्याकडे सत्याग्रहात जे चालले होते तेच, पगडी तेवढी निराळी.

आणि राज्यपाल? घटनेप्रमाणे त्यांनी विधिमंडळापुढे अभिभाषण वाचायचे. मसुदा मंत्रिमंडळाचा, शब्दही त्यांचेच. उच्चार तेवढा राज्यपालांचा, आणि त्यात म्हणायचे ‘माझे सरकार’. लोकसभेत ज्याच्या जिभेला लगाम नव्हता, त्याने ते दोन शब्द कसे उच्चारले असतील, याचा विचार मी पुष्कळदा करतो. ढोंग म्हणावे, तर शपथ घेऊन पत्करलेले कर्तव्य होते. कर्तव्य म्हणून सोडून द्यावे, तर बाहेर उपोषणाला बसलेला माणूस काकासाहेबांचीच जुनी भाषा बोलत होता.

हे मला लागते, त्याला कारण आहे. स्नेहसंमेलनात मी जो वार्षिक अहवाल वाचतो तो संस्थेच्या कार्यकारिणीने तपासलेला असतो, आणि त्यात ‘आमची शाळा’ म्हणावे लागते. वरच्या कचेरीतून कानडी परिपत्रक येते, पाचवीचा मराठी वर्ग पटाअभावी बंद का करू नये अशी विचारणा करणारे. त्यावर ‘पाहिले’ असे लिहून मी सही करतो. पाहिलेले सगळे लिहिता येत नाही. मग संध्याकाळी पालकांच्या घरी जाऊन तीन मुले मिळवतो. त्याची नोंद कुठल्याच दप्तरात नसते. राजभवनातही नोंदीबाहेरचे असे काही घडत असावे, अशी माझी समजूत आहे. आजोबांना ती पटली नसती.

सप्टेंबर 1962 मध्ये मुदत संपली. त्याच साली साताऱ्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद काकासाहेबांकडे आले. पुढे ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 12 जानेवारी 1966 ला ते गेले. पंजाबचे विभाजन त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला झाले. त्याच्या आठवडाभर आधी, 25 ऑक्टोबरला, आमच्या सीमाप्रश्नासाठी आयोग नेमला गेला होता. त्यावर आलेले न्यायमूर्ती मेहरचंद महाजन मूळचे पंजाबचे.