आज केली कशी आहे?

दोन दिवस झाले, तरी माझ्या हातांत ते अजून आहे. गाडीचा मागचा भाग डावीकडं सुटला, समोरचा प्लास्टिकचा शंकू काचेवरून सरकत दिसेनासा झाला, आणि मी, खंबाटकीचा घाट भर पावसात कितीदा उतरलेली साताऱ्याची मुलगी, बर्फावरून आडवी वाहत निघाले. शेजारून ड्रायव्हिंगचे मास्तर शांतपणे म्हणाले, “जायचंय तिकडं बघ.” मी मान वळवली, रिकाम्या रस्त्याकडं पाहिलं, आणि हात आपोआप त्या दिशेला फिरले. गाडी सरळ! मी ओरडलेच. पुन्हा, पुन्हा एकदा करू या!

फिनलंडमधल्या तांपेरेत हा माझा पहिला हिवाळा. इथं नव्या चालकाच्या शिक्षणात निसरड्या रस्त्याचा धडा असतोच. मी मात्र स्वतःहून अशा सरावाच्या मैदानावर गेले, कारण नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला तेव्हापासून किल्ली हातात घेतली की पोटात गोळा यायचा. आणि तिथं जे कळलं ते कधी एकदा सगळ्यांना सांगते असं झालंय.

आधी एक शब्द: केली. फिनिश भाषेत रस्त्याच्या त्या त्या वेळच्या अवस्थेला केली म्हणतात. आभाळ कसं आहे हा प्रश्न वेगळा, केली कशी आहे हा वेगळा. लख्ख ऊन असताना केली वाईट असू शकते आणि बर्फ भुरभुरत असताना चांगली! सकाळी रेडिओवर सांगतात, आज अमुक भागात केली वाईट, तमुक भागात फार वाईट. आपल्याकडं पावसाला किती नावं आहेत, झिमझिम, रिपरिप, मुसळधार. पण पायाखालच्या रस्त्याला स्वतःचं हवामान असतं, हे मला तिशी ओलांडल्यावर उमगलं.

आणि ते हवामान वाचता येतं! मला वाटायचं, जितकी थंडी जास्त तितका धोका जास्त. तसं नाहीच. उणे वीसला बर्फ कोरडा, कडक असतो, टायरखाली करकरतो आणि त्यातल्या त्यात पकड देतो. खरा घात शून्याच्या आसपास, कारण तेव्हा बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो. कोरड्या डांबरावर ताशी ५० च्या वेगातली गाडी ब्रेक दाबल्यावर बारा-पंधरा मीटरांत थांबते. ओल्या गुळगुळीत बर्फावर तीच शंभर मीटर घरंगळत जाऊ शकते. बारा आणि शंभर! हा आकडा ऐकल्यापासून पुढच्या गाडीपासूनचं माझं अंतर कुणी न सांगता वाढलंय.

काळा बर्फ तर दिसतच नाही. त्याच्याआडून डांबराचा रंग दिसतो, म्हणून तो काळा. रस्ता नुसता ओला वाटतो. मग ओळखायचा कसा? पुढच्या गाडीच्या चाकांकडं बघायचं. रस्ता ओला दिसतोय पण चाकांमागून पाणी उडत नाहीये, म्हणजे ते पाणी नाही. आणि कान उघडे ठेवायचे. टायरची घरघर एकाएकी थांबून गाडी शांत झाली, तर ती शांतता वाईट. पुलावर हे आधी होतं, कारण पुलाला खालूनही गार वारा लागतो. मास्तरांनी हे सांगितलं आणि परतताना प्रत्येक पूल मला नव्यानं दिसला.

बाबांनी घाटात शिकवलं होतं, निसरड्यावर ब्रेक एकदम दाबून धरू नकोस, दाब-सोड, दाब-सोड कर. त्यांच्या जुन्या गाडीला ते अगदी योग्य होतं. पण एबीएस असलेल्या गाडीत तो ब्रेक घट्ट दाबूनच ठेवायचा. पायाखाली टरटर सुरू होते, तेव्हा यंत्रच सेकंदाला कितीतरी वेळा ती दाब-सोड करत असतं. पहिल्यांदा ती टरटर जाणवली तेव्हा घाबरून पाय काढलाच मी. दुसऱ्यांदा नाही काढला. आणि दाबलेलं असतानाही गाडी वळते! बाबांचा दुसरा धडा मात्र इथंही तसाच लागू आहे. उतारावर खालचा गियर, आणि सगळं हळुवार: हात, पाय, वेग. मास्तर म्हणतात, टायरकडं पकड थोडीशीच असते. ती वळण्यात खर्च कर नाहीतर थांबण्यात, एकाच वेळी दोन्ही मागू नकोस.

टायरवरून आठवलं. आपल्याला फोनमुळं ठाऊक असलेलं नोकिया हे खरं तर तांपेरेच्या शेजारचं गाव. तिथल्या रबर कारखान्यानं १९३४ साली ट्रकसाठी खास हिवाळी टायर काढला. नाव काय ठेवलं असेल? केलीरेंगास, म्हणजे केलीचा टायर! दोन वर्षांनी मोटारींसाठी काढला त्याचं नाव हाक्कापेलीत्ता. हे कोण, तर सतराव्या शतकात स्वीडनच्या राजासाठी लढणारे फिनिश घोडेस्वार. “हाक्का पॅल्ले!” म्हणजे तुटून पडा, अशी आरोळी ठोकत ते शत्रूवर चालून जायचे, तीवरून हे नाव. ल्युट्झेनची त्यांची मोठी लढाई १६३२ ची. शिवराय तेव्हा दोन वर्षांचे होते. ‘हर हर महादेव’ ऐकत वाढलेल्या मला हे वाचून अंगावर काटा आला. माझ्या टायरांना बारीक धातूचे खिळे आहेत. बर्फावर घोड्याच्या नालेलाही इथं तसेच खिळे लावतात. रबरही वेगळं, थंडीत मऊ राहणारं. उन्हाळी टायर साधारण सात अंशांखाली कडक होऊ लागतो, आणि कडक रबर बर्फाला धरत नाही.

आज सकाळी उणे एक होतं आणि बारीक पाऊस. नऊ वाजले तरी पुरतं उजाडलं नव्हतं. मी काच खरवडली, टपावरचा बर्फ झाडून काढला (नाहीतर ब्रेक मारला की तो पुढच्या काचेवर घसरतो) आणि गाडीत बसण्याआधी बुटाचा तळवा डांबरावर घासून पाहिला. सर्रकन सरकला. दोन गाड्या पलीकडं शेजारच्या आजीही तसाच पाय घासत उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मान हलवली आणि म्हणाल्या, “केली वाईट आहे.”

मी किल्ली खिशात टाकली आणि बसथांब्याकडं निघाले.