तेजाब आणि चोख सोनं

सराफ्यातल्या आमच्या खोलीत सकाळचं पहिलं काम खिडकी उघडण्याचं. शोऱ्याचं तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल, दिसायला पाण्यासारखं. पण लिटरभर बाटली उचलली की 1.4 किलो भरते. चांदी-तांब्यावर पडलं की तांबूस धूर उठतो, तो छातीत जाऊ द्यायचा नाही. बोटावर थेंब पडला तर कातडी पिवळी पडते. डाग धुऊन जात नाही, कातडीबरोबरच जातो.

मृगाच्या तोंडावर बी-बियाण्यासाठी फुलंब्री-पैठणकडची माणसं दागिने आणतात. परवा एका आजींनी गोफ पुढे ठेवला. "भाऊ, खरं काय ते सांग."

कसोटीवर गोफाच्या कड्यांची आणि डाखाच्या, म्हणजे सांध्याच्या, जागेची अशा दोन रेघा ओढल्या, शेजारी 22 कॅरेटच्या सळईची. मिठाच्या तेजाबाची, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लाची, किंचित जोड दिलेला शोऱ्याच्या तेजाबाचा थेंब तिन्हींवर सोडला. कड्यांची रेघ सळईच्या बरोबरीनं टिकली. डाखाच्या जागेची बघता बघता फिकी पडली. नेमका टंच हवा तर गाळणं आलं.

गाळताना मला दरवेळी नवल वाटतं. सोनं चोख करायचं तर आधी त्यात तिप्पट चांदी मिसळावी लागते. चांदी कमी असली तर सोनं तिला आपल्याआड लपवतं, तेजाब आत शिरत नाही. मग पातळ पत्रा करून गुंडाळी उकळायची. चांदी, तांबं विरघळतं, सोनं राहतं.

तेजाब पातळ करताना ते पाण्यात ओतायचं, पाणी तेजाबात नव्हे. पाणीही ऊर्ध्वपातितच हवं. नळाला कित्येक दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात, शिकताना मी एकदा बोअरचं वापरलं. सगळं दह्यासारखं पांढरं झालं. खारातल्या क्लोराइडनं चांदी धरली होती. तेच क्लोराइड वाढलं तर सोनंही सुटू लागतं. 3 भाग मिठाचं आणि 1 भाग शोऱ्याचं तेजाब मिळून अम्लराज होतं, ते सोनं विरघळवतं. माझ्या त्या चुकीवर वस्ताद एवढंच म्हणाले, "माल लोकांचा आहे."

आजींची गुंडाळी धुऊन निघाली ती मातकट, ठिसूळ, चिमटीत चुरा होईल अशी. आकार मात्र तसाच. तापवताना आजींना जवळ बोलावलं. मातकट रंग पिवळा होताना त्यांनी स्वतः पाहिला. मगच काटा लावला.