पन्नास वचनं मागितलीस, त्याबद्दल

नगर,
शुक्रवार, रात्रीचे साडेनऊ

चि. बेबीस,

तू पाठवलेला लेकाचा व्हिडिओ चार वेळा पाहिला. पहिल्यांदा कौतुकानं, दुसऱ्यांदा शेजारच्या मावशींना दाखवायला, आणि मग दोनदा एकटीनं, आवाज मोठा करून. फोन केला नाही, कारण फोनवर मी भांडते हे तुला ठाऊक आहे. हे पत्र पोस्टानंच येईल. फोटो काढून पाठव म्हणू नकोस.

शंभर वचनं, संदर्भासकट! पोरगं हुशार आहे यात वाद नाही. पण खाली तू लिहिलंस, ‘आत्या, स्पर्धेच्या पुढच्या फेरीला अजून पन्नास लागतील, छोटी छोटी सुचव ना.’ ते ‘छोटी छोटी’ माझ्या मनातून जाईना. भाकरी तव्यावर करपली, इतकी मी त्यात अडकले.

त्याचं पहिलंच वचन यिर्मया २९:११. हल्ली ते कपावर असतं, कॅलेंडरवर असतं, दहावीच्या पोरांच्या शुभेच्छांत असतं. देवाच्या मनात आपल्या भल्याचे बेत आहेत, एवढंच लोक त्यातून उचलतात. अगं, तो अध्याय म्हणजे पत्र आहे. बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयानं यरुशलेमेहून धाडलेलं. आणि त्यांना तो काय सांगतो? लवकर सुटाल म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. घरं बांधा, मळे लावा, पोरांची लग्नं लावा, ज्या शहरात नेऊन टाकलंय त्याच शहरासाठी प्रार्थना करा. आणि दहाव्या वचनात आकडा येतो, सत्तर वर्षं. म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्यांतले बहुतेक तिथल्याच मातीत जाणार. त्याच्यानंतर येतं तुमचं अकरावं. दहावं गिळून अकरावं म्हटलं की त्याची साखरेची गोळी होते. मी फोनकडे बघून विचारलंसुद्धा, ‘अरे बाळा, दहावं काय आहे?’ तो आपला पुढे फिलिप्पैकरांस ४:१३ वर गेलेला. तेही तसंच. ते लिहिणारा पौल कैदेत होता, आणि बाराव्या वचनात तो उपाशी राहण्याची गोष्ट करतोय. तुमच्या सोसायटीतली मुलं ते क्रिकेटच्या मॅचला म्हणतात असं तूच सांगितलं होतंस.

हे आकडे तरी शास्त्रात मुळात कुठं होते? अध्याय पाडले तेराव्या शतकात, ते काम कँटरबरीचा आर्चबिशप स्टीफन लँगटन याचं मानतात. नव्या कराराला आजचे वचनांचे आकडे दिले रोबेर एस्तिएन नावाच्या छापखानेवाल्यानं, १५५१ साली. त्याच्या मुलानं लिहून ठेवलंय की बापानं ते काम पॅरिसहून लिऑंला जाता जाता प्रवासात केलं. घोड्याला ठेच लागली असेल तिथं वचन तुटलं, असं आमचे जुने पाळक हसून म्हणायचे. शोधायला सोपं जावं म्हणून केलेली सोय ती. आपण ती सुरी समजून शास्त्राच्या फोडी करायला लागलो. आपण ‘चार-तेरा’ लिहिलंय याचा पौलाला पत्ताही नव्हता.

थांब, अजून मुद्द्यावर आलेच नाही. मत्तयाचा चौथा अध्याय काढ. रानात प्रभूची परीक्षा झाली तेव्हा वचन पाठ असणारे तिथं दोघं होते. सैतानालाही पाठ होतं! स्तोत्र ९१, अकरा आणि बारा. पण त्यानं काय केलं बघ. अकराव्यातला ‘सर्व मार्गांत’ राखण्याचा भाग मत्तयात त्यानं खाल्लाय, आणि बाराव्यावर गप्प बसला. कारण तेराव्यात साप पायाखाली तुडवायची गोष्ट आहे. आणि प्रभूची तिन्ही उत्तरं कुठली? अनुवाद ८:३, ६:१६, ६:१३. तिन्ही एकाच पट्ट्यातली. इस्राएल रानात भुकेला होता, तिथं काय चुकला, याचीच ती कहाणी, आणि स्वतः रानात उपाशी असताना प्रभूच्या तोंडी ती आख्खी आली. माझं म्हणणं ऐकून तू हसशील, पण चाळीस वर्षं संडे स्कूल घेतल्यावर मी एवढं तरी म्हणू शकते की सैतान सुवर्णवचनवाला होता आणि प्रभू अध्यायवाला. पाळकसाहेबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, बाई, जरा सौम्य करा. मी नाही केलं.

जावईबापूंना वाटेल मी त्यांच्या बाजूची झाले. मुळीच नाही. पाठांतर म्हणजे पोपटपंची, सगळं मोबाईलमध्ये आहे, हे त्यांचं म्हणणं मला मान्य नाही, हे त्यांना वाचून दाखव. मोबाईलमध्ये भाकरीचाही फोटो असतो. पहिल्या स्तोत्रात रात्रंदिवस मनन करण्याचं आहे ना, त्या जागी मूळ इब्री शब्द आहे ‘हागा’. त्याचा अर्थ पुटपुटणं, गुणगुणणं. यशयाच्या एकतिसाव्यात सिंह शिकारीवर गुरगुरतो तिथं तोच शब्द, आणि अडतिसाव्यात कबुतर घुमतं तिथंही तोच. आपण मनन म्हटलं की डोळे मिटून गप्प बसतो. ते तोंडानं करायचं काम आहे! हाड चघळावं तसं. आणि चघळायला हाड तोंडात असावं लागतं, खिशात असून चालत नाही.

अर्थ न कळता नुसतं घोकणं काय असतं, हे पंडिता रमाबाईंना जितकं ठाऊक होतं तितकं कुणाला असेल? लहानपणी आईच्या तोंडून ऐकून ऐकून भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत होते. त्याच बाईंनी पुढे केडगावात बसून इब्री आणि ग्रीक भाषांवर मेहनत घेतली, साध्या बाईला कळेल अशा मराठीत आख्खं शास्त्र उतरवलं, आणि मुक्ती मिशनमधल्या बायकामुलींनी ते छापलं. रमाबाई १९२२ साली गेल्या, आणि संपूर्ण बायबल बाहेर आलं १९२४ साली. बापानं बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून ज्या घराला लोकांनी नावं ठेवली, त्या घरची मुलगी ती. कळलं पाहिजे आणि तोंडातही पाहिजे, या दोन्हीसाठी तिनं आयुष्य घातलं. आपण त्यातलं एकही धड करत नाही.

माझी आजी तुला आठवत नसेल, तू पाळण्यात होतीस. अक्षरओळख नव्हती तिला. एक बायबलबाई दुपारची वाड्यावर यायची, तिच्याकडून ऐकून आजीनं लूकचा पंधरावा अध्याय उचलला होता. जात्यावर बसली की सुरू. मेंढरू, नाणं, मग तो धाकटा पोरगा. शेंगा, डुकरं, बापाचं धावत येणं, सगळं तिच्या गावाकडच्या बोलीत. संदर्भ विचारला असता तर तिला सांगता आला नसता. तुमच्या स्पर्धेत शून्य मार्क. पण ती धाकट्यावर थांबायची नाही. थोरला शेतातून येतो, आत गाणंबजावणं ऐकतो आणि दाराबाहेरच उभा राहतो, तिथवर जायची. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. मग आजी जात्याचा खुंटा सोडून म्हणायची, ‘म्होरं तो आत गेला का न्हाय, ते लिवलेलं न्हाय गं.’ मी एवढं शिकले, ट्रेनिंग कॉलेजात गेले, पण ती गोष्ट अर्ध्यात सोडलीय हे मला आजीनं सांगितलं. वचनं वेचणाऱ्याला ते कळायचंच नाही.

तशी आख्खं म्हणत राहायची ही आपल्याकडची जुनीच रीत. गोव्यात फादर स्टीफन्सनं १६१६ साली क्रिस्तपुराण छापलं, दहा हजारांवर ओव्यांचं. त्या छापलेल्या प्रतींतली एकही आज उरलेली नाही. लोकांनी हातानं उतरवून ठेवलं, देवळात वाचत राहिले, म्हणून आपल्यापर्यंत आलं. ओवीला ओवी लागून येते, म्हणून ती टिकते. सुटा मणी घरंगळतो.

आता तुझ्या आजोबांचं, आप्पांचं. पहाटेची उपासना, चटईवर आम्ही सगळे, मधे कंदील. प्रत्येकानं एक वचन म्हणायचं, त्याशिवाय चहा नाही. आम्ही काय कमी होतो? योहान ११:३५, दोन शब्दांचं. आठवड्यातून चारदा तेच. मग आप्पांनी त्यावर बंदी घातली आणि ११९ वं स्तोत्र काढलं. बावीस इब्री अक्षरं, प्रत्येकाची आठ आठ वचनं, एकूण १७६. मुळात ती वचनं त्या त्या अक्षरानंच सुरू होतात, म्हणजे रचणाऱ्याच्या डोक्यात पाठांतरच असणार. आप्पांनी अक्षरं वाटून दिली. दादाला आलेफ, मला बेथ, धाकटीला गिमेल. नवीन वचन घ्यायच्या आधी कालचं पुस्तक मिटून म्हणायचं. बघून वाचलं की आलं आलं असा भास होतो, मिटल्यावर खरं कळतं. शिक्षिका झाल्यावर मी वर्गात दुसरी कुठली युक्ती वापरली नाही. आज सत्तरी उलटल्यावर रात्री झोप येत नाही तेव्हा बेथ म्हणते. हल्ली सहाव्या वचनाला अडते, ते सोड.

हे सगळं मी आप्पांच्या कौतुकानं लिहायला घेतलं होतं. पण मगाशी चौथ्यांदा व्हिडिओ पाहिला तेव्हा एक दिसलं. सदतिसाव्या की अडतिसाव्या वचनाला तो अडला. त्याचे डोळे फोनच्या डावीकडे गेले. तिथं तू असणार. आणि एक आवाज आला, ‘हं?’ बास, एवढाच. बेबी, तो आवाज मी ओळखला. कंदिलापलीकडून यायचा तो. दादा अडला की आप्पा असेच म्हणायचे, आणि आई चहाचं भांडं चुलीवरून उतरवून बाजूला ठेवायची. एकदा दादा शाळेत बिनचहाचा, बिनभाकरीचा गेला, पाचव्या वचनावरून. मी माझ्यातली अर्धी भाकरी त्याच्या दप्तरात घालायला विसरले, की घातली नाही, आता नक्की सांगता येत नाही.

दादाला आलेफची आठही वचनं अजून बिनचूक येतात. गेल्या नाताळात मी मुद्दाम म्हणायला लावली. आणि आप्पांच्या दफनविधीला तो चर्चच्या फाटकाशी उभा होता, ते तू पाहिलंस. तुझ्या बापाचं मी तुला काय सांगू. कशामुळे काय झालं हे मी ठरवणारी कोण? पण अनुवादाचा तो सहावा अध्याय, ज्यातून प्रभूनं दोन उत्तरं काढली, त्यातच पोरांना शिकवायचं कसं ते आहे. घर, रस्ता, झोपायची वेळ, उठायची वेळ. शिकवणारानं ते आधी स्वतःच्या मनात ठेवायचं असंही आहे. तू शेवटचा अध्याय कधी पाठ केलास? मंडळीच्या कामातून, ऑफिसातून, डब्यातून वेळ नाही हे मला कळतं. पण मग त्याच्याकडून शंभर कशाला?

पन्नास वचनं मी सुचवणार नाही. स्पर्धेच्या बाईंना वाईट वाटलं तर माझं नाव सांग. त्याला ११७ वं स्तोत्र दे. दोनच वचनं, पण आख्खा अध्याय. बायबलमधला सगळ्यात छोटा. एका दिवसात अध्याय झाला म्हणून नाचेल तो. मग १२१ वं, आठ वचनांचं. यरुशलेमेला चढून जाणाऱ्यांची गाणी आहेत ती, चालता चालता म्हणायचीच. स्कूलबसच्या थांब्यापर्यंत दोघं चालत जाता ना? तेवढ्यात म्हणा. एक वचन त्यानं, एक तू. तुझं चुकलं तर त्याला दुरुस्त करू दे. हातात फोन नको, व्हिडिओ तर अजिबात नको. आणि चहा, दूध, जे काय पितो ते आधी.

मे महिन्यात त्याला इकडे पाठव. बेथचं सहावं त्यालाच विचारीन म्हणते.

आणि एक. परवा बोलता बोलता म्हणालीस की तो नखं खायला लागलाय, दोन्ही हातांची. ते कधीपासून? स्पर्धेचा फॉर्म भरल्यानंतर, की आधीपासूनच होतं? मुलं खातातच म्हणून टाळू नकोस. दादाही खायचा. एवढं मात्र फोनवर कळवलंस तरी चालेल, मी भांडणार नाही.

जावईबापूंना सलाम. बाळाला गोड पापा.

तुझी,
आत्या

ता. क. दादाला व्हिडिओ दाखवलास का? काही म्हणाला?