नागिऑस, झॅबिक्स आणि प्रोमिथियस यांस अनावृत पत्र



सर्व्हर आणि नेटवर्कवर पहारा देणारे तुम्ही तिघेही फुकट, तिघांचाही कोड खुला, आणि तिघांचेही चाहते हमरीतुमरीवर यायला तयार. आमच्याकडे तुमची खरी परीक्षा वीज घेते. डोंबिवलीत फीडर ट्रिप झाला, यूपीएसने मान टाकली आणि मुख्य स्विच बंद पडला, की त्यामागचे चाळीस सर्व्हर 'डाऊन' म्हणून चाळीस मेसेज. रात्रपाळीवाल्याने त्यातला कामाचा कोणता ते शोधायचं कसं?

नागिऑस, तुम्ही थोरले. १९९९ साली नेटसेंट या नावाने आलात. कोणता सर्व्हर कोणत्या स्विचमागे आहे हे 'पॅरेंट्स'मध्ये लिहिलं, की स्विच 'डाऊन' आणि बाकीचे 'अनरीचेबल' एवढा फरक तुम्हाला कळतो. पण नवं मशीन आलं की कॉन्फिग फाइलीत हाताने भर घालायची. वीस मशीनच्या पतपेढीत ते खपतं, दोनशेत नाही.

झॅबिक्स, तुम्ही लाटव्हियाचे, अलेक्सेई व्लादिशेव यांच्या हातचे. राउटर, स्विच, यूपीएस अशा एसएनएमपी बोलणाऱ्या उपकरणांसाठी तुमच्याकडे तयार टेम्प्लेट असतात. ट्रिगर एकमेकांवर अवलंबून ठेवता येतात. मात्र तुमच्यामागचा डेटाबेस सांभाळणं ही वेगळी नोकरीच. तरी डोंबिवलीतल्या केबल-इंटरनेटवाल्याला मी तुमचंच नाव सुचवेन.

प्रोमिथियस, तुमची सुरुवात २०१२ साली साउंडक्लाउडमध्ये झाली. कुबरनेटीसवर कंटेनर मिनिटागणिक येतात-जातात, ते तुम्ही स्वतः हुडकता. लेबलं नीट लावली तर अलर्टमॅनेजर स्विचचा अलर्ट चालू असेपर्यंत बाकीच्यांना गप्प बसवतो. पण मूळ सेटिंगमध्ये आकडे १५ दिवसच टिकतात. मे महिन्यातला लोड दिवाळीत विचारला तर तुम्ही हात वर करता. आणि नीटनेटक्या आलेखांसाठी शेजारी ग्राफाना बसवावा लागतो. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या कुबरनेटीसवाल्या कंपनीला तरीही तुमच्यावाचून पर्याय नाही.

तुम्हा तिघांनाही एक अट. ज्याच्यावर पहारा द्यायचा त्याच्याच रॅकमध्ये, त्याच यूपीएसवर राहू नका. वीज गेल्यावर पहारेकरीही गेला, तर मेसेज न येणं म्हणजे सगळं आलबेल असा समज होतो. डोंबिवलीवरची नजर ठाण्यातून ठेवा, ठाण्यावरची डोंबिवलीतून.

निवडीच्या दिवशी तुलनेच्या तक्त्यातल्या बरोबरच्या खुणा मी बघणार नाही. मुख्य स्विचची केबल काढेन आणि फोनवरचे मेसेज मोजेन. जो एकच मेसेज पाठवेल आणि त्यात स्विचचं नाव बरोबर सांगेल, त्याची नेमणूक पक्की.

आपला,
रात्रपाळीचा एक सिस्टीम अ‍ॅडमिन
डोंबिवली पूर्व