काळ्या पडद्यावरचा मुकादम

आज जरा वेगळ्या विषयावर लिहितोय. राजकारणाची पोस्ट समजून आलेल्यांनीही थांबावं, विषय आपल्याच शाळांचा आहे.

मागच्या महिन्यात एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत बातमीसाठी गेलो होतो. निघताना हेडमास्तरांनी कोपऱ्यातली तीन कॉम्प्युटरं दाखवली. वर पोत्याचं कापड, कापडावर चिमणीची काडी-काटकी. म्हणाले, "संपादक, भंगारवाला किलोवर मागतोय. पण डेडस्टॉक रजिस्टरला नोंद आहे, विकताबी येईना अन् वापरताबी येईना. निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवून दोन वर्षं झाली."

मशीन मोडलेली नव्हती. त्यावरचं विंडोज मेलं होतं. विंडोज 7 ची देखभाल कंपनीनं 14 जानेवारी 2020 ला थांबवली, विंडोज 10 ची 14 ऑक्टोबर 2025 ला. विंडोज 11 ला निदान चार जीबी रॅम लागते, टीपीएम नावाची सुरक्षेची चिप लागते, प्रोसेसरही त्यांच्या यादीतलाच लागतो. म्हणजे चालतं इंजिन असलेली गाडी, पण सर्व्हिसिंग बंद.

माझं स्वतःचं मशीनही 2020 साली असंच अडलं होतं. दुकानदार म्हणाला, "सर, 300 रुपयांत लोड करून देतो." लोड म्हणजे चोरीचं. आता खरं सांगायला काय लाजायचं, त्याआधी दहा वर्षं आमच्या साप्ताहिकाचं ऑफिस चोरीच्याच विंडोजवर आणि चोरीच्याच पेजमेकरवर चाललं. पहिल्या पानावर भ्रष्टाचाराची बातमी लावायची, आणि ती लावायचं हत्यारच चोरीचं! लॉकडाऊनमध्ये वेळ होता. गावातल्या इंजिनिअरिंगच्या एका पोरानं पेनड्राइव्हवर अँटिक्स नावाचं लिनक्स आणून दिलं. हलकं, फुकट, दोन जीबी रॅममध्ये आरामात पळणारं. ग्रीसमधल्या एका माणसानं सुरू केलेलं. त्याच्या प्रत्येक आवृत्तीला लढणाऱ्या माणसांचं नाहीतर चळवळींचं नाव असतं. 19 क्रमांकाच्या आवृत्तीला मॅरिएल फ्रँकोचं होतं, रिओ शहराची नगरसेविका, 2018 मध्ये गोळ्या घालून मारलेली. तेव्हा नुसतं वाचून पुढं गेलो होतो. 9 डिसेंबर 2024 ला मस्साजोगचं घडलं, त्यानंतर ते नाव परत आठवलं.

असो. मुद्दा ॲप्टचा.

या लिनक्सवर प्रोग्राम टाकायला दुकानदार लागत नाही. काळा पडदा उघडायचा आणि एक ओळ लिहायची: सुडो ॲप्ट इन्स्टॉल, पुढं पाहिजे त्या वस्तूचं नाव. सुडो म्हणजे मालकाच्या अधिकारानं. ॲप्ट हे हत्यार मूळ डेबियनचं. डेबियन 1993 साली सुरू झालं, ॲप्ट 1998 च्या सुमारास आलं, आणि अँटिक्स डेबियनवरच उभं आहे.

ॲप्ट करतं काय, हे आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला समजावणं सोपं आहे. कारखाना प्रत्येक कोयत्याशी बोलतो का? मुकादमाशी बोलतो, आणि मुकादम टोळी आणतो. ॲप्ट तसाच मुकादम. एक प्रोग्राम पाहिजे म्हणलं की त्याला सोबत कोण कोण लागतं, त्यातले आधीच आलेले कोण, कमी कोण, हे तो स्वतः काढतो आणि सगळ्यांना एकाच गाडीत बसवून आणतो. फरक हा, की काम सुरू करायच्या आधीच तो हिशोब समोर ठेवतो. इतके नवे येणार, इतके जाणार, इतके एमबी डाउनलोड, डिस्कवर इतकी जागा. मग विचारतो, पुढं जाऊ का? नाही म्हणलं तर गुपचूप थांबतो. उचलीचा असा कागद आपल्या किती मजुरांना सही करण्याआधी वाचायला मिळतो?

दुसरं, माल कुठून आला याची तो खातरजमा करतो. भांडारातल्या यादीवर डिजिटल सही असते. ती जुळली नाही तर ॲप्ट तोंडावर सांगतो, यावर विश्वास नाही. दुकानदाराच्या पेनड्राइव्हवरून आलेल्या व्हायरसनं माझे 2013 सालचे निम्मे अंक गेले, ते मला अजून सलतं.

शाळेत आम्ही तीन शनिवार घालवले. नेट माझ्या मोबाइलचं, रोजच्या दीड जीबीत बसवायचं. पहिली आज्ञा सुडो ॲप्ट अपडेट. ही नुसती यादी ताजी करते, प्रोग्राम बदलत नाही, नवख्याची इथं हमखास फसगत होते. मग मराठी अक्षरं. पॅकेजचं नाव फॉन्ट्स-देवा. हेडमास्तर म्हणाले, "देवालाच बोलवा आता." त्या एका नावामागं लोहित आला, गार्गी आला, नकुल आणि सहदेवसुद्धा आले. फॉन्टची नावं आहेत खरंच.

लिबरऑफिस बसत असताना अर्ध्यात लाइट गेली. आल्यावर परत आज्ञा दिली तर काम अर्धवट राहिल्याचा निरोप, आणि त्याच ओळीत उपायही: सुडो डीपीकेजी, दोन आडव्या रेघा, कॉन्फिगर, एक रेघ, ए. लिहिलं, गाडी रुळावर. चूक दाखवतानाच दुरुस्ती लिहून देणारं कार्यालय मी वीस वर्षांच्या पत्रकारितेत पाहिलेलं नाही. पोरांना मात्र वेगळंच आवडलं. ॲप्ट मू लिहिलं की पडद्यावर अक्षरांची गाय उभी राहते आणि हंबरलात का विचारते. सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, हिला चारा लागत नाही."

सगळं गोड नाही. आमच्या साप्ताहिकाचं पान अजूनही छापखान्यातल्या विंडोजवरच लागतं. वाढदिवसाच्या आणि दहाव्याच्या जाहिराती जुन्या फॉन्टमध्ये येतात, त्या लिनक्सवर उघडल्या की नुसती इंग्रजी कचकच दिसते. आणि शाळेतलं एक मशीन 32 बिटचं, पेंटियम 4. डेबियननं ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या 13 व्या आवृत्तीत अशा मशीनवर नव्यानं टाकायची सोय काढून टाकली. 12 व्या आवृत्तीची लांबची देखभाल जून 2028 पर्यंत जाहीर आहे. तोवर चालेल. फुकटवाल्यांच्या दारातही जुन्याला कायमची जागा नसते, एवढंच की ते आधी तारीख सांगतात.

केरळात सरकारी शाळा वर्षानुवर्षं अशाच मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात, त्यासाठी काइट नावाची सरकारी संस्था आहे. आपल्याकडं सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात, त्यांचं बॉस लिनक्स 2007 पासून आहे, तेही डेबियनवरच, म्हणजे तिथंही हाच मुकादम. मग माझ्या बघण्यातल्या एकाही शाळेत ते का नाही? वरच्या कार्यालयात विचारलं तर उत्तर, "तसं पत्र नाही." बसवू नका असं पत्र आहे का? तेही नाही.

दोन मशीन चालू झाली. यू-डायसचं पोर्टल ब्राउझरमध्ये उघडतं, पोरं मराठीत टाइप करतात. ऊसतोडीला गेलेल्या आईबापाला एका पोरानं चार ओळींचं पत्र टाइप केलं, मास्तरांनी फोटो काढून बापाच्या व्हॉट्सॲपवर पाठवला. डेडस्टॉक रजिस्टरातला 'नादुरुस्त' शेरा हेडमास्तरांनी खोडून 'चालू' केलाय, पण पेन्सिलीनं. पेननं लिहायला वरून पत्र लागतं म्हणे.

तिसऱ्या मशीनला एसएमपीएस पाहिजे. कुणाकडं जुना पडून असेल तर इनबॉक्स करा, मी येऊन घेऊन जातो.