कोलोनच्या बाजारातील मोहरी

कोलोनच्या मुख्य रेल्वे स्टेशनातून बाहेर पडले की डोम या प्रचंड चर्चचे काळपट मनोरे दिसतात. सगळे पर्यटक तिकडे वळतात. हलाल जेवण शोधणाऱ्याने मात्र उत्तरेकडे, आयगेलश्टाइनच्या बाजूला चालू लागावे. थोड्याच वेळात वाइडनगासे ही गल्ली लागते. 1961 साली जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात मजूर भरतीचा करार झाला. त्यानंतर आलेल्या तुर्कांनी या गल्लीला आपला रंग दिला. कोळशावर भाजणारे कबाब, बेकरी, खाटकाची दुकाने, सारे काही इथे आहे.

तुर्की खाटकाकडे लसणाचा सुजुक मिळतो, तसेच गाईच्या आणि टर्कीच्या मांसाची हलाल सॉसेजेसही मिळतात. साध्या सुपरमार्केटमध्ये मात्र सावध राहावे. पाकिटावर ‘काल्ब’ म्हणजे वासरू असे मोठ्या अक्षरांत असले, तरी आत डुकराचे मांस मिसळलेले असू शकते. कोंबडीच्या सॉसेजमध्येही कधी डुकराची चरबी असते, कधी बाहेरचे आवरण डुकराच्या आतड्याचे असते. ‘श्वाइन’ आणि ‘श्पेक’ हे दोन शब्द शिकणाऱ्या मुलामुलींनी विमानात बसण्यापूर्वीच पाठ करावेत. आणि ते शब्द नसले म्हणजे जनावर हलाल झाले, असे होत नाही. म्हणून सॉसेज घ्यावे ते ओळखीच्या हलाल दुकानातूनच.

जर्मन माणूस सॉसेजबरोबर ‘झेन्फ’ घेतो, म्हणजे वाटलेली मोहरी. आपल्याकडे लोणच्यासाठी मोहरी फेसतात, तसलाच हा प्रकार. मोहरीचा दाणा कोरडा चावला तर फारसा झोंबत नाही. तो फुटून पाण्याशी मिळाला की नाकात जाणारा झटका तयार होतो. उष्णतेने तो झटका मरतो. म्हणून झेन्फ तव्यावर सॉसेजबरोबर परतू नये, ताटात बाजूला वाढावी.

दुकानात फळीभर बरण्या दिसतात. ‘मिटेलशार्फ’ म्हणजे मध्यम तिखट. भाजलेल्या किंवा उकडलेल्या कोणत्याही सॉसेजला ती चालते, आणि एकच बरणी घ्यायची असेल तर माझ्या मते हीच घ्यावी. ‘शार्फ’ तिखट असते, तिच्यात तपकिरी मोहरी जास्त असते. ड्यूसेलडॉर्फ हे शहर कोलोनहून आगगाडीने अर्ध्या तासावर, तिथल्या तिखट मोहरीचे मोठे नाव आहे. तेलकट सुजुकला तीच शोभते. ‘झ्यूस’ ही गोड, भरड मोहरी दक्षिणेकडील बव्हेरियाची. तिथे ती पांढऱ्या सॉसेजबरोबर खातात, पण त्या सॉसेजमध्ये सहसा डुकराची चरबी असते. टर्कीच्या सॉसेजबरोबर लहान मुले ती आवडीने खातात. मला ती चटणीपेक्षा मुरंब्यासारखीच लागते.

आता खरा प्रश्न. जवळजवळ प्रत्येक बरणीवर ‘ब्रान्टवाइनएसिग’ असे लिहिलेले असते. ‘ब्रान्टवाइन’ म्हणजे दारू, हे कळल्यावर अनेकजण बरणी परत ठेवतात. पण ‘एसिग’ म्हणजे सिरका. जिवाणूंकडून अल्कोहोलचे आम्ल करवून तो तयार होतो. सिरक्याची तारीफ तर खुद्द रसूलुल्लाह (स.) यांनी सालन म्हणून केली आहे. हनफी मसलकात शराबीचा सिरका झाला की तो पाक, मग तो आपोआप होवो वा मुद्दाम केलेला असो. शाफई मसलकात आपोआप झालेला पाक, पण काही मिसळून केलेला नाही. आपल्या कोकणी घराण्यांपैकी बहुतेक शाफई आहेत, म्हणून त्यांनी कारखान्यातील सिरक्याविषयी आपल्या आलिमांना एकदा विचारून घ्यावे. घटकांत ‘वाइन’ किंवा ‘बीअर’ असा स्वतंत्र शब्द असेल, तर मात्र विचारायचे काही उरत नाही. ‘बीअरझेन्फ’ नावाची बरणी भेटवस्तूंच्या दुकानांत हमखास असते. तीही सजवलेली, त्यामुळे घाईत चटकन हातात येते. ‘वाइनएसिग’ हा मात्र द्राक्षांच्या वाइनचा सिरका, त्याचा मसला वरच्यासारखाच.

बरणी उघडल्यावर झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवावी, नाहीतर झटका हळूहळू उडून जातो. काही कंपन्या मोहरी काचेच्या पेल्यातच भरतात. संपल्यावर जर्मन घरांत तोच पेला धुऊन पाणी प्यायला वापरतात. घरी आणायची असेल तर बरणी मोठ्या सामानात ठेवा. हातातल्या पिशवीत 100 मिलिलिटरपेक्षा मोठी बरणी असली, तर विमानतळावर काढून घेऊ शकतात.